नानांच्या गालाचा कॅन्सर: योजनेतून करायचं की कंपनीच्या मेडिक्लेममधून?

निफाडचा धाकटा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आजाराचं डॉक्टर बघतायत, माझा प्रश्न पैशाचा आहे.

आमचे नाना, वय 71, राहणार निफाड तालुक्यात. तंबाखू-चुना जन्माचा. डाव्या गालात आतून जखम होती, ती भरेना. पिंपळगावच्या दातांच्या डॉक्टरांनी बघितल्या बघितल्या तुकडा तपासायला लावला. रिपोर्टात कॅन्सर निघाला. सीटीमध्ये मानेत एक गाठही दिसते. नाशिकच्या सर्जननी सगळं समजावून सांगितलं: गाल आणि जबड्याचा थोडा भाग काढायचा, मानेच्या गाठी काढायच्या, छातीचा स्नायू वर फिरवून खड्डा भरायचा. मग तीस शेक (रेडिएशन). आणि पुढचा रिपोर्ट बघून वाटलंच तर शेकासोबत दर आठवड्याला किमो.

मी सिडकोत राहतो, अंबडला कंपनीत आहे. कंपनीची ग्रुप पॉलिसी तीन लाखांची, त्यात आईवडील आहेत, पण त्यांच्या क्लेममध्ये 20 टक्के आपण भरायचे. गावाकडे केशरी रेशनकार्ड आहे, त्यावर नाना, आई आणि थोरल्या भावाचं कुटुंब. घोळ असा की आधारवर नानांचं पूर्ण नाव आहे आणि रेशनकार्डावर गावात हाक मारतात ते.

दोन ठिकाणी विचारून आलो. एका ठिकाणी ऑपरेशन आणि शेक दोन्ही होतं. तिथल्या टेबलावर मेडिक्लेम म्हटलं की "परवा ॲडमिट करा", योजना (महात्मा फुले) म्हटलं की "बेड नाही, तारीख सांगता येणार नाही". दुसऱ्या ठिकाणी योजनेतून लगेच घेतात, पण शेकाचं मशीन नाही, त्यासाठी पुढे दुसरीकडे जावं लागेल.

थोरला म्हणतो फुकट होतंय तर कंपनीचे पैसे कशाला संपवायचे. वहिनी म्हणतात फुकटात नीट करत नाहीत. मला वाटतं, लवकर होईल ते करावं. आतापर्यंतचा बायोप्सी, सीटीचा खर्च खिशातून झालाय, बिलं ठेवली आहेत. सत्तरीच्या वरच्यांना वेगळं कार्ड मिळतं असंही कुणीतरी सांगितलं. जाणकारांनी सांगा.

कॅशलेस टेबल

भाऊ, मी नाशिकमधल्या एका खाजगी दवाखान्यात इन्शुरन्स डेस्कवर बरीच वर्षं काढलीत. आता ते सोडलंय, म्हणून मोकळं बोलते.

आधी वहिनींना सांगा की योजनेच्या पेशंटला सर्जन तोच असतो आणि ऑपरेशन थिएटर (ओटी) पण तेच असतं. फरक पडतो तो वॉर्डात आणि तारखेत. तारखेचं कारणही ऐका. नानांचं ऑपरेशन म्हणजे ओटीचा अख्खा दिवस गेला. योजनेत त्याची रक्कम ठरलेली, पेशंट सहा दिवसांत घरी गेला काय किंवा जखम उघडून तीन आठवडे राहिला काय, तेवढीच. मेडिक्लेममध्ये बिल वाढतं तसे पैसे वाढतात, आणि येतातही लवकर. म्हणून टेबलावर बसलेल्या मुलीला सांगून ठेवलेलं असतं की कार्ड कुठलं ते आधी विचार. ती स्वतःच्या मनाने "बेड नाही" म्हणत नाही.

यावर उपाय आहे. तो दवाखाना योजनेत असेल आणि कॅन्सर सर्जरीसाठी असेल, तर पात्र पेशंटला नुसतं परत पाठवता येत नाही. तिथे योजनेचा माणूस, आरोग्यमित्र, बसतो, त्याच्याकडे नोंद करायला सांगा. तो जागेवर नसेल तर तिथेच उभं राहून योजनेची हेल्पलाइन 155388 लावा, स्पीकरवर. तारखा कशा निघतात ते बघाच.

आता मुद्द्याचं. योजना आजाराचे पैसे देत नाही, प्रोसिजरचे देते. नानांचा आजार एक, पण कॉम्प्युटरमध्ये त्याचे तुकडे पडतात: ऑपरेशनचं एक पॅकेज, शेकाचं दुसरं, आणि किमो लागली तर तिच्या प्रत्येक सायकलची वेगळी मंजुरी. प्रत्येक तुकड्याला आधी प्रीऑथ (उपचाराआधीची मंजुरी), मग उपचार, मग दवाखान्याचा क्लेम. पण दोन तुकड्यांच्या मधला काळ कुणाच्याच टेबलावर नसतो. सर्जनचं काम डिस्चार्जला संपतं. शेकवाल्यांचं काम तुम्ही त्यांच्या दारात गेल्यावर सुरू होतं. मध्ये पेशंट घरी बसून असतो आणि घरच्यांना वाटतं बोलावतील.

कुणी बोलावत नाही. आणि तोंडाच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत शेक सुरू व्हावा लागतो, हे कुठलाही डॉक्टर सांगेल. त्या सहा आठवड्यांत काय काय बसवायचं बघा: टाके सुकणं, काढलेल्या गाठीचा रिपोर्ट, किडके दात काढणं आणि त्या जागा भरणं, शेकासाठी चेहऱ्याचा साचा, प्लॅनिंगचा सीटी, आणि मंजुरी. मी टेबलावर असताना एका पेशंटची फाइल परत आली, कारण डिस्चार्ज कार्डावर "रिपोर्ट नंतर" एवढंच लिहिलेलं. रिपोर्ट येऊन सर्जनच्या केबिनमध्ये पडून होता, आमच्यापर्यंत पोचलाच नव्हता. मुलगा रोज फोन करून विचारायचा मंजुरी आली का, आणि आम्ही सांगायचो प्रोसेसमध्ये आहे. म्हणून सांगते, टाके काढायला जाल त्या दिवशी रिपोर्टची प्रत हातात घेऊनच निघा आणि तसेच शेकाच्या ओपीडीत नंबर लावा.

कुठलं कार्ड आधी वापरायचं, तर तीन लाखांना मोठी रक्कम समजू नका. बहुतेक ग्रुप पॉलिसीत खोलीभाड्याला मर्यादा असते, समजा विम्याच्या एक टक्का, म्हणजे तुमच्याकडे दिवसाला 3,000. तुम्ही 5,000 ची खोली घेतली तर घरच्यांना वाटतं दिवसाला दोनच हजार जास्त जातील. तसं नसतं. सर्जनची फी, ओटी, भूल, व्हिजिट सगळंच पाचातल्या तीन हिश्श्यांत मंजूर होतं. औषधं, तपासण्या आणि इम्प्लांट यातून सुटतात. वर तुमचे 20 टक्के. डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर मोठमोठ्या माणसांना रडताना बघितलंय मी, ते याच हिशोबापायी.

पण मेडिक्लेमचा एक फायदा योजनेत नाही. ॲडमिट व्हायच्या आधीच्या साधारण 30 दिवसांच्या आणि नंतरच्या 60 दिवसांच्या तपासण्या-औषधं त्याच आजाराची असतील तर परत मिळतात. दिवस पॉलिसीत बघून घ्या. तुमची बायोप्सी आणि सीटी यात बसतील. योजनेत मात्र बाहेरच्या लॅबमध्ये आधीच केलेल्या तपासण्यांचे पैसे कुणी परत करत नाही. आणि कॅन्सरचं निदान होईपर्यंतच घर निम्मं रिकामं होतं.

सत्तरीच्या कार्डाचं तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. 29 ऑक्टोबर 2024 ला ते सुरू झालं, आयुष्मान वय वंदना कार्ड. 70 पूर्ण झालेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाख. खाजगी मेडिक्लेम असला तरी चालतं. वय आधारवरून धरतात, रेशनकार्ड लागतच नाही, म्हणजे नावाचा घोळ इथे आडवा येत नाही. महात्मा फुले योजना आणि आयुष्मान आपल्याकडे 2020 पासून एकत्रच चालतात, त्यामुळे दवाखानेही बहुतेक तेच. हे कार्ड आजच काढा.

माझं मत: ऑपरेशन-शेक दोन्ही होतं तो दवाखाना योजनेत पंधरवड्याच्या आतली तारीख देत असेल तर सगळं तिथेच, योजनेतून. मेडिक्लेम हातात राहू द्या, पुढे न्यूमोनिया, जेवणाची नळी, परत भरती, काय निघेल सांगता येत नाही. तारीख देत नसतील तर ऑपरेशन मेडिक्लेमवर तिथेच करा आणि शेक योजनेतून. पण ऑपरेशनच्या आधी विचारून घ्या की मेडिक्लेमवर ऑपरेशन झालेल्याला शेकासाठी योजनेत घेता ना? आणि कुणाकडून वदवून घेतलं त्याचं नाव वहीत लिहा. एकाच भरतीत दोन्ही कार्डं चालत नाहीत.

मशीन नसलेला दुसरा दवाखाना मी घेणार नाही. तिथले डॉक्टर चांगले असतील, पण मधल्या सहा आठवड्यांची जबाबदारी पूर्ण तुमच्यावर पडते.

कसमादेकर

ताई लाख बोलल्या. मी सटाण्याकडचा, कांदा-डाळिंबवाला. घरच्यांचं असंच जिभेचं झालं. माझे दोन शब्द.

आम्ही आधी परळला टाटाला दाखवलं. तिथल्या डॉक्टरांच्या बोर्डाने पूर्ण प्लॅन लिहून दिला, आणि शेक नाशिकला घ्या म्हणाले, इथे रांगेत थांबू नका. तो कागद घेऊन नाशिकला आलो तेव्हा बोलण्यात फरक पडला, हे खरं सांगतो. पंचवटी एक्सप्रेसने सकाळी निघालं की ओपीडी गाठता येते. कॅन्सरच्या पेशंटला रेल्वेत सवलत आहे, दवाखान्याचा फॉर्म भरून न्यायचा. स्लीपर आणि थ्री एसीत पेशंटचं तिकीट पूर्ण माफ, सोबतच्याला 75 टक्के सूट. राहायला दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा. तिथे भेटलेल्या विदर्भातल्या एका बाईने मिक्सरमधून भाकरी-वरण कसं पातळ करायचं ते मंडळींना शिकवलं, ते कुठल्या आहारतज्ज्ञाला जमलं नव्हतं.

आता खर्चाचं. ऑपरेशन योजनेत झालं, शेक योजनेत झाला, एक रुपया दिला नाही. तरी माझं डाळिंबाचं पाऊण पीक गेलं. कसं? तीस शेक म्हणजे सहा आठवडे, शनिवार-रविवार सुट्टी. मशिनीखाली माणूस दहा-पंधरा मिनिटं. आणि सटाण्याहून नाशिक नव्वदेक किलोमीटर, तेवढंच परत. तोंड सोललेलं माणूस एसटीत रोज कसं नेणार? पंचवटीत खोली घेतली, मी तिथे, बाग वाऱ्यावर. मधे मशीन बंद पडलं की तेवढे दिवस पुढे ढकलायचे, खोलीभाडं चालूच. योजनेत डिस्चार्जला परतीचं गाडीभाडं मिळतं. मिळालं. त्याने काय होतं.

सरकार म्हणतं उपचार मोफत, ते खोटं नाही. पण शेक घेणाऱ्याची खोली कुठल्याच पॅकेजात नाही. निफाडहून जाऊन-येऊन कराल असा विचार असेल तर पहिले तीन आठवडे जमेल. पुढचे तीन नानांना सिडकोत तुमच्याकडेच ठेवा.

शेकवाला डॉक्टर

मी रेडिएशन ऑन्कॉलॉजीत आहे. कुठे ते सोडा. कॅशलेस टेबल यांचं बरंचसं पटलं, एक-दोन गोष्टी जोडतो.

दर कमी म्हणून दवाखाने टाळतात, हे अर्धंच खरं आहे. खरी अडचण अशी की एका नावाच्या ऑपरेशनला एकच दर. गालातली दोन सेंटिमीटरची जखम आणि जबडा खाऊन बाहेर आलेली गाठ, दोन्ही एकाच रकान्यात. मग सोपा पेशंट सगळ्यांना हवा असतो आणि अवघड पेशंटला "तुम्ही मुंबईला जा" असं सांगितलं जातं. सरकारी आणि ट्रस्टच्या दवाखान्यांत उशिरा आलेले, अवघड पेशंट साचतात ते यामुळे. आजाराच्या टप्प्याप्रमाणे दर लावले तर हे बरंच कमी होईल असं माझं मत आहे. पण मग टप्पा वाढवून लिहिण्याचा मोह होईल, हेही आलंच.

शेकात मात्र दर तंत्राप्रमाणे वेगळे आहेत. साधा शेक, थ्रीडी आणि आयएमआरटी ही वेगवेगळी पॅकेजेस. तोंडाच्या शेकात आयएमआरटीने लाळेच्या ग्रंथी जास्त वाचवता येतात, पुढे आयुष्यभर तोंड कोरडं पडण्याचा त्रास कमी होतो. म्हणून "शेक मंजूर झाला" यावर थांबू नका, कुठला मंजूर झाला ते विचारा.

किमोबद्दल थोडा दिलासा. शेकासोबतची किमो सरसकट सगळ्यांना देत नाहीत. रिपोर्टात काढलेल्या भागाच्या कडा कॅन्सरपासून साफ नसतील किंवा मानेतल्या गाठीचं आवरण फुटून कॅन्सर बाहेर आला असेल तर देतात. त्यात 71 वय. सत्तरीनंतर किमो जोडून होणारा फायदा फारच थोडा असतो, आणि सिस्प्लॅटिन हे किमोचं औषध किडनी व कानाला जड जातं. तेव्हा "किमो दिली नाही म्हणजे योजनेत कंजुषी केली" असा अर्थ लावू नका. ट्यूमर बोर्डाच्या (उपचार ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डाच्या) कागदावर कारण लिहिलेलं असतं, ते वाचा.

आणखी एक. कुणी मोठ्या किमतीच्या इम्युनोथेरपीचं नाव काढलं तर ट्यूमर बोर्डाला विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका, नानांच्या टप्प्याला ती सरसकट देत नाहीत. पण माहिती म्हणून: आजार परत आलेल्या किंवा पसरलेल्या पेशंटसाठी टाटाच्या डॉक्टरांनी निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध नेहमीच्या 240 मिलिग्रॅमऐवजी फक्त 20 मिलिग्रॅम देऊन बघितलं, सोबत स्वस्तातल्या गोळ्या. 2023 मध्ये निकाल छापून आला. नुसत्या गोळ्यांवर वर्षभर जगणारे 16 टक्के होते, ते 43 टक्के झाले. खर्च कमी करणं हे फक्त मंत्रालयाच्या हातात नसतं. आमच्या धंद्यानेही डोस किती लागतो हे विचारायला उशीर केला.

नाशिकपुरतं सांगायचं तर सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कॅन्सरसाठी तीन पातळ्यांची रचना मंजूर केली. वर टाटा, दुसऱ्या पातळीवर आठ केंद्रं, त्यात आपलं शालिमारचं संदर्भ सेवा रुग्णालय आहे. कागदावरचं जमिनीवर कधी येतं ते बघू. तोपर्यंत तिथे जाऊन चौकशी करायला काही बिघडत नाही, शेक तिथेही होतो.

गोळे कॉलनी

आपलं होलसेल औषधाचं दुकान, गल्लीचं नाव वर दिलंच आहे. थोडक्यात सांगतो.

किमोच्या धास्तीने सोनं गहाण ठेवू नका. सिस्प्लॅटिन जुनं औषध आहे, सरकारी किंमत-नियंत्रणात आहे, स्वस्त आहे. महाग असतात ती नवीन औषधं, आणि त्यांच्यावरही दोनदा कात्री लागली. फेब्रुवारी 2019 मध्ये 42 औषधांवर व्यापाऱ्यांचा नफा 30 टक्क्यांवर बांधला, तेव्हा आमच्या गल्लीत सुतकच पडलं होतं. काही ब्रँडच्या छापील किमती पाचातल्या एका हिश्श्याखाली आल्या. म्हणजे आधी मधल्यामधे किती जात होतं ते समजा. मग 22 सप्टेंबर 2025 पासून कॅन्सरच्या काही औषधांवरचा जीएसटी शून्य झाला, बाकी औषधांवर 12 चा 5 झाला. जुन्या छापील किमतीची बाटली कुणी गळ्यात मारत असेल तर विचारा.

पेशंटच्या घरचे खरे लुटले जातात ते प्रोटीन पावडरीत. ती औषध नाही, कुठल्याच योजनेत नाही, आणि डबा दर आठवड्याला लागतो. मी विकतो, तरी सांगतो: नाचणीची पेज, अंडं, दूध, शेंगदाण्याचं कूट पातळ करून, आधी हे करून बघा. नळीतून जातं.

रविवार कारंजा

एक राहिलं. योजना, कार्ड काहीच जमलं नाही तर धर्मादाय दवाखाना हा मार्ग आहे. ट्रस्टच्या दवाखान्यांना 10 टक्के खाटा निर्धन पेशंटसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 1,80,000 आणि 3,60,000. तहसीलदाराचा दाखला लागतो. धर्मादाय दवाखाना म्हणजे सरकारी नव्हे, चांगली पॉश इमारत असते, त्यामुळे लोक आत जाऊन विचारतच नाहीत.

निफाडचा धाकटा

सगळ्यांचे आभार. वहिनींना ताईंचा मेसेज वाचून दाखवला, त्यावर त्या एवढंच म्हणाल्या की बघू.

कार्डाचं सांगतो, कुणाच्या कामी येईल. ॲपवर नानांचा चेहरा जुळेना, गालाला सूज. बोटांचे ठसे घ्यायला गेलो तर द्राक्षाच्या बागेत घासून घासून बोटं गुळगुळीत, तेही लागेनात. शेवटी आधारला जोडलेला मोबाइल नंबर थोरल्याचा निघाला, त्यावर ओटीपी आला आणि काम झालं. नंबर जोडलेला नसता तर आधी ते करत बसावं लागलं असतं.

मग दोन्ही होतं त्या दवाखान्यात गेलो. आरोग्यमित्र जेवायला गेला होता. तिथेच 155388 लावला, स्पीकरवर. पलीकडच्या बाईंनी दवाखान्याचं नाव आणि माझं नाव लिहून घेतलं. अर्ध्या तासात आरोग्यमित्र आला, नोंद केली, आणि पुढच्या आठवड्यातला गुरुवार मिळाला. योजनेतून.

पण आता नवीनच निघालं. टेबलावरून हळूच सांगितलं की छातीचा स्नायू फिरवून भरायचं काम पॅकेजात "पूर्ण बसत नाही", फरकाचे 40,000 आधी जमा करा, पावती डिस्चार्जला मिळेल. थोरला द्यायला तयार आहे, म्हणतो गुरुवार हातचा जायला नको. काय करू? आणि दातांचं डॉक्टरसाहेबांनी काही लिहिलं नाही, ते कधी करायचं?

कॅशलेस टेबल

देऊ नका. हे वाक्य मी ओळखते. "पूर्ण बसत नाही" असं तोंडी सांगतात, लिहून कुणी देत नाही.

उद्या आरोग्यमित्राकडे जा आणि प्रीऑथमध्ये कुठली प्रोसिजर टाकली आहे तिचं नाव आणि कोड कागदावर मागा. नुसतं गाल-जबडा काढण्याचं टाकलं असेल आणि स्नायू फिरवून भरण्याचं टाकलंच नसेल, तर दवाखान्याने मंजुरी अर्धवट मागितली आहे. ती दुरुस्त करून परत पाठवता येते, ऑपरेशनच्या आधी. त्याचा भुर्दंड तुम्ही भरायचा नाही. आणि दोन्ही टाकलेलं असेल तर 40,000 कसले हा प्रश्न मेडिकल सुपरिंटेंडेंटच्या नावाने अर्जात लिहा. दोन ओळी पुरतात: पेशंटचं नाव, मंजुरीचा नंबर, अमुक रक्कम मागितली, ती कशाबद्दल आणि कुठल्या नियमाने ते लेखी कळवावं. एक प्रत आवक-जावकला देऊन शिक्का घ्या. शिक्का मिळाला की बहुतेक वेळा फरकाची रक्कम आपोआप मिटते. नाही मिटली तर त्याच अर्जाचा फोटो घेऊन परत 155388, आणि सिव्हिलला योजनेचे जिल्हा समन्वयक कुठे बसतात ते विचारून त्यांना भेटा.

थोरल्यांची भीती मला कळते. पण तारीख मंजुरीवर मिळाली आहे, पैशावर नाही. फोनवर तुमची नोंद झालेली असताना गुरुवार रद्द करणं त्यांनाही सोपं नाही.

आणि दातांचं मी सांगते, आमच्याकडे शेकाचे पेशंट त्यासाठीच अडून राहायचे. शेकाच्या पट्ट्यात येणारा किडका दात शेक झाल्यावर काढला तर जबड्याचं हाड सडू शकतं. म्हणून आधी काढतात, आणि ती जागा भरायला दोन-तीन आठवडे द्यावे लागतात. सर्जनना गुरुवारच्या आधीच विचारा की ऑपरेशनच्या टेबलावरच, त्याच भुलेत, खराब दात काढता येतील का. बरेच सर्जन काढतात. मग वेगळा खर्च नाही आणि सहा आठवड्यांतले तीन वाचतात. पिंपळगावच्या त्या दातांच्या डॉक्टरांकडून कुठले दात ठेवायचे नाहीत त्याची चिठ्ठी आणि एक्स-रे उद्याच घेऊन या.